बुधवारचे बोल्ट

तुटलेल्या वस्तूचे दोन तुकडे समोर आले की माणसाचा हात आपोआप ते जुळवायला जातो. कपाचा कान असो नाहीतर बांगडी, बसतंय का ते बघितल्याशिवाय राहवत नाही. रेगेबाईंच्या समोर कुणी तसं केलं, की त्या हातातली स्टीलची पट्टी फटकन त्याच्या मनगटावर मारत. मग तो कारखान्याचा जनरल मॅनेजर का असेना. मारून झाल्यावर विचारत, "चहा साखरेचा की बिनसाखरेचा?"

मला ती पट्टी पहिल्याच दिवशी बसली. चिंचवड स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी एक इंजिनिअरिंग सल्लागारांचं ऑफिस होतं, तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले होते. आसपासच्या कारखान्यांत काही मोडलं की ते तुकडे आमच्याकडे यायचे आणि का मोडलं ते आम्ही लेखी कळवायचो. आम्ही म्हणजे बाई. धातूंच्या विषयात त्यांनी डॉक्टरेट केली होती, पण कुणी 'डॉक्टर' म्हटलं तर "मला नाडी बघता येत नाही" म्हणून सांगायच्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की आपल्याला इंग्रजी टायपिंग येतं, साडीला शोभेलशी पर्स आपल्याकडे आहे, आणि आता या ऑफिसाचं भलं होणार आहे. बाईंच्या टेबलावर दोन तुकडे झालेला एक लोखंडी दांडा पडला होता. मी तो फडक्याने स्वच्छ पुसला, तुकडे नीट जुळवले, वर रबरबँड लावलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

पट्टी बसल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुटल्या जागीच लिहिलेलं असतं गो, का तुटलं ते. तू ते घासून टाकलंस. खून झालेल्या खोलीत केर काढलास आणि वर रांगोळी घातलीस."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, ऑफिस चांगलं आहे, पण एक बाई जरा वेडसर आहे, तिला मी सुधारीन.

बाई मूळच्या मालवणकडच्या. उंच, काटक, लग्न न केलेल्या. गळ्यात सोन्याची साखळी असावी तिथे काळ्या दोरीला एक भिंग. दामले साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, माशाचा वास सहन होत नसे, म्हणून बाई डबा खिडकीत बसून खायच्या. साहेबांशी भांडण झालं असलं की त्या दिवशी हमखास सुकट असायची. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. म्हणाल्या, "दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. पुरावा आण."

अहवाल मी टाइप करायचे. त्यांची भाषा अशी, की त्यात माणूसच नसायचा. 'असे आढळून आले', 'असे दिसते', 'असे मानण्यास जागा आहे'. कोणाला आढळलं, कोणाला दिसलं, काही नाही. ते इंग्रजी बडवताना मी मान अशी ताठ करायचे, जणू ते सगळं मलाच आढळून आलंय. अर्थ एका वाक्याचा कळत असेल तर शपथ. शेजारणींना मात्र सांगायचे, "मी रिसर्चमध्ये आहे."

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. विद्यापीठात होतं ते संशोधन आणि आमच्यासारख्या ऑफिसात होतो तो 'जॉब', असं लोक समजतात. पण एकाच तऱ्हेने मोडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं एकाच बाईच्या डोळ्यांखालून गेल्या, की तिला असं काही दिसायला लागतं, जे पुस्तकात नसतं. बाई त्यावर निबंध लिहायच्या, ते बाहेरच्या नियतकालिकांत छापून यायचे. अडचण एकच होती. ज्याने तुकडे पाठवले, निष्कर्ष त्याचा. त्याने हो म्हटलं तर छापायचं, नाही म्हटलं तर त्याच्या कपाटात. बहुतेक जण नाही म्हणत. आपल्याकडे काय मोडलं हे कुणाला जगाला सांगायचं असतं?

मग ते चाकणचं प्रकरण आलं.

तिथल्या एका कारखान्यात जड माल उचलायच्या यारीचा एक आधार निखळून खाली आला. खाली रघुनाथ नावाचा कामगार होता, तो जागीच गेला. आधाराचे बोल्ट डोक्याशी तुटले होते, आणि ते आदल्या दिवशी नामदेव नावाच्या फिटरने आवळले होते. रघुनाथ आणि नामदेव एकाच गावचे, एकाच शिफ्टचे, एका मोटरसायकलवरून कामाला येणारे. कंपनीने ठरवून टाकलं, की नामदेवने पान्याला जादा जोर लावला, बोल्ट ताणले गेले म्हणून तुटले. त्याला कामावरून काढलं आणि तुटलेले बोल्ट आमच्याकडे पाठवले. सोबत एक साहेब आले होते. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, ओव्हर-टाइटनिंगच आहे, फक्त तुमची सही पाहिजे."

"सही स्वस्त आहे," बाई म्हणाल्या, "बघायला वेळ लागतो. चार दिवसांनी या."

बाईंनी मला मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावायला सांगितला. अशी मेहेरबानी त्या क्वचित करत. जादा आवळलेला बोल्ट मानेशी बारीक होतो, ओढलेल्या गरम पाकासारखा लांबतो. हे बोल्ट तसूभरही लांबले नव्हते. तुटलेल्या जागी खडीसाखर दिसत होती. लखलखीत खडे, एकमेकांपासून सुटे झालेले. बाई म्हणाल्या, "हे आतून फुटलंय. जस्ताचा मुलामा देताना टाकीत हायड्रोजन शिरतो पोलादात. काही तासांच्या आत बोल्ट भट्टीत भाजला तर तो निघून जातो. नाही भाजला तर आत बसतो आणि बोल्टाला पोखरतो. बाहेरून बोल्ट नवाकोरा. आवळला की दिवसा-दोन दिवसांत आपोआप जातो. कोणीही आवळला असता तरी गेला असता."

अहवाल तसाच गेला. मी टाइप केला, मान ताठ करून. कंपनीने पोच दिली आणि खाली एक ओळ घातली, की हा अहवाल गोपनीय आहे. मुलाम्याचं काम त्यांनी स्वतः नेमलेल्या माणसाकडे होतं. दोष द्यायला त्यापेक्षा फिटर बरा.

पुढच्या आठवड्यात नामदेव आमच्या ऑफिसात आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की बोल्ट इथे तपासले. तिशीतला माणूस, हातात टोपी. दामले साहेबांना विचारलं, "साहेब, काय आलं वो त्या रिपोर्टात?" साहेब म्हणाले, "कंपनीला पाठवलाय. कंपनीलाच विचारा." "कंपनी गेटच्या आत घेत न्हाई." साहेबांनी समोरची फाइल उघडली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि जिना उतरून गेला. बाई आत दार लावून बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा हातातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"साहेब, त्याला सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"बाई, आपण डॉक्टरसारखे. पेशंटचं गुपित बाहेर काढायचं नसतं."

"पेशंट मेलाय, साहेब. आपण राखतोय ते मारणाऱ्याचं गुपित."

"आणि उद्या सगळ्या कंपन्यांनी काम बंद केलं तर? या पोरीचा पगार तुम्ही देणार?" या पोरीचा म्हणजे माझा. मी तेव्हा चाळिशीला आले होते. पोरगी म्हटल्यामुळे मी इतकी खूश झाले, की मुद्दा काय चाललाय ते पुढे ऐकलंच नाही.

बाईंनी मात्र ऐकलं होतं. दोन दिवस सुकटसुद्धा आणली नाही. मग साहेबांना म्हणाल्या, "त्यांचे बोल्ट, त्यांचा अहवाल. कबूल. मी बाजारातून माझे बोल्ट आणले, माझ्या पैशाने मुलामा दिला आणि माझ्यासमोर तोडले, तर ते कोणाचं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "गुरुवारी ऑफिस बंद असतं," ते म्हणाले. "बंद ऑफिसात कोण काय करतं, मला कसं कळणार?"

आमच्या भागात गुरुवारची सुट्टी का असते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. कारखान्यांची वीज गुरुवारी बंद, म्हणून आठवड्याची सुट्टीही गुरुवारी. रविवारी भोंगे आणि गुरुवारी सामसूम. आम्हाला त्याची इतकी सवय, की त्यात बघण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. बाई भोसरीतल्या मुलामावाल्यांच्या शेडमध्ये मला घेऊन हिंडल्या. मी चांगल्या साडीत, नाकाला रुमाल. ॲसिडच्या वाफेने त्या साडीला खालून नक्षी झाली, ती मी पुढे वर्षभर डिझाइन म्हणून खपवली. एका शेडमध्ये बाईंनी मालकाला सहज विचारलं, "बुधवारी संध्याकाळी टाकीतून माल काढलात तर भट्टीत कधी घालता?"

"शुक्रवारी," तो म्हणाला. "गुरुवारी लाईट कुठंय, मॅडम?"

बाई तिथेच एका पिंपावर बसल्या. मग मला म्हणाल्या, "शालन, बुधवारचे बोल्ट."

पुढचे कित्येक महिने आमच्या ऑफिसातल्या कोपऱ्यात एक जाड लोखंडी पाट होता. त्यात ओळीने बोल्ट आवळून ठेवलेले, योग्य तेवढेच, मोजून. काही सोमवारी मुलामा दिलेले, काही मंगळवारी, काही बुधवारी. वर उलटं खोकं, कारण बोल्ट सुटला तर गोळीसारखा जातो. मग वाट बघायची. आपण जेवतोय, टाइप करतोय, आणि खोक्यातून टक् असा आवाज. कुणी वळून बघायचं नाही, असा नियमच झाला. बाई फक्त मान वर करून विचारत, "वार?" मी खोकं उचलून रंगाची खूण बघायचे आणि सांगायचे, "बुधवार." दर वेळी बुधवार. एकदा कंटाळून मी "शनिवार" म्हटलं, गंमत म्हणून. बाई धावत आल्या. खरं कळल्यावर पट्टी बसली, आणि त्या दिवशी जोरात बसली.

निबंध लिहून झाला. त्यात कंपनी नाही, चाकण नाही, रघुनाथ नाही. बाहेरच्या संपादकांनी एकच बदल सुचवला. बुधवार काढा, तिथे 'भाजण्यापूर्वीचा वाढीव विलंब' असं घाला. मला ते फार भारदस्त वाटलं. बाई भडकल्या. "विलंब लिहिला तर प्रोफेसर वाचतील. बुधवार लिहिला तर मुलामावाला वाचेल." पत्रापत्री झाली. शेवटी मथळ्यातून बुधवार गेला, आत एका तक्त्यात राहिला. छापील अंक आल्यावर बाईंनी तो माझ्या हातात दिला आणि नोकरीसाठी कोर्टात गेलेल्या नामदेवच्या वकिलाकडे पोचवायला सांगितलं. वकिलाने विचारलं, "कुणी पाठवला?" मी म्हटलं, "वाचनालयाने."

मुलामावाल्यांकडे बाई स्वतः गेल्या, एकेका शेडमध्ये. "बुधवारी दुपारनंतर जास्त ताकदीचे बोल्ट टाकीत घालायचे नाहीत. का ते विचारू नका, विचारलंत तर मी दोन तास सांगेन." काहींनी हसून सोडून दिलं, काहींनी पाळलं. मध्यंतरी माझ्या भाच्याच्या कामासाठी मी भोसरीत गेले होते, तर एका शेडमध्ये तसेच बोल्ट बुधवारी घेईनात. नव्या पिढीचा मालक. कारण विचारलं तर म्हणाला, "आजोबांपासून आहे आजी, बुधवारचं नाही घालत. काहीतरी देवाचं असेल." हे मी बाईंना फोनवर सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की खोकला लागून फोन ठेवावा लागला. संशोधनाला यापेक्षा मोठं बक्षीस नाही, असं नंतर म्हणाल्या.

नामदेवचा खटला कामगार न्यायालयात बरीच वर्षं चालला. वकिलाने तो निबंध लावला. आरोप शाबीत होत नाही, असा निकाल लागला आणि त्याला कामावर परत घेतलं. बातमी आली त्या दिवशी बाईंनी सगळ्या ऑफिसला खरवस दिला. दामले साहेबांनी वाटी पुढे करत विचारलं, "हे कशाबद्दल?" बाई म्हणाल्या, "म्हैस व्यालीय." त्या कंपनीचं काम आमच्याकडे पुन्हा आलं नाही. साहेबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

बाई या हिवाळ्यात गेल्या. शेवटची वर्षं त्या वाकडला भाचीच्या फ्लॅटमध्ये होत्या. पंधराव्या की सोळाव्या मजल्यावर, नजर पुरती गेलेली. मी रहाटणीहून महिन्यातून एकदा जायचे. त्या माझ्या बांगड्या बोटांनी चाचपून कोणत्या धातूच्या ते सांगायच्या, आणि "फसवलंय तुला सोनाराने" हे ठरलेलं.

मला रडू आलं नाही. मी गेले, बसले, नमस्कार केला, रिक्षाने घरी आले, कुकर लावला. शोकसभेत एका तरुण प्राध्यापकाने बाईंच्या निबंधांची नावं इंग्रजीत वाचून दाखवली. लोक फोन बघत होते. ती सगळी नावं माझ्या बोटांखालून गेलेली. ऐकताना पायाला मुंग्या येतात तसं काहीतरी आत झालं, तेवढंच. 'भाजण्यापूर्वीचा वाढीव विलंब' आलं तेव्हा मला नामदेव आठवला. बाई गेल्याचं त्याला कळायला हवं, असं वाटलं. का वाटलं, सांगता येणार नाही. काही वाटत नव्हतं, त्यात हे एक वाटलं म्हणून उठले.

नातवाने मोबाइलवरून गाडी मागवून दिली. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव. आता अर्ध्या गावात गोदामं झालीत. नामदेवराव ओट्यावर बसले होते, कामावरून निवृत्त झालेले, केस पांढरे. मी ओळख सांगितली. बाईंचं सांगितलं. निबंधाचं सांगितलं.

"कोन बाई?" ते म्हणाले. "वकिलानं कायतरी इंग्रजी कागद लावल्याला खरा. मला न्हाई म्हाईत, बाई बिई."

"त्या कागदामुळे तर तुम्ही सुटलात."

"सुटलो कुटं? शाबीत न्हाई म्हनलं कोर्टानं. शाबीत न्हाई म्हंजी केलं न्हाई, असं हाय का?" ते रस्त्याकडे बघत बोलत होते, आवाजात चढ-उतार नव्हता. "त्या दिशी आवळून झालं हुतं. रघू म्हनला, नाम्या, अजून एक वेढा मार, माज्या डोस्क्यावं हाय ते. म्या मारला. एक जास्तीचा. त्यानंच त्ये गेलं. म्या कुनाला बोल्लो न्हाई. कोर्टातबी न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाईंनी महिनोन्‌महिने बोल्ट तोडले, संपादकांशी भांडल्या, अंक वकिलाकडे गेला, वकिलाकडून कोर्टात गेला. आम्हा दोघींना वाटलं, छापलं म्हणजे पोचलं. ज्याच्यासाठी हे केलं त्याला त्याच्या भाषेत एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं, त्यात माणूस घालून. "नामदेवराव, ते बोल्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. जादा आवळलेला बोल्ट लांबतो. त्यातला एकही लांबला नव्हता. मुलामा दिल्यावर भाजले नाहीत, म्हणून आतून पोखरले गेले होते. तुम्ही हात लावायच्या आधी. तो वेढा मारला नसता तरी ते गेलेच असते. तुम्ही काही केलं नाही."

ते ऐकत होते की नाही कळेना. सून चहा ठेवून गेली. चहा निवला.

"पुन्यांदा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. भट्टीचं, हायड्रोजनचं, बुधवारचं, सगळं. मग त्यांनी टोपी घातली.

"रघूच्या घरी यीऊन ह्येच सांगता का? माज्या तोंडून खोटं वाटंल."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. वाटेत ते एका वळणावर थांबले, जणू पुढचा रस्ता ठाऊक नाही. रघुनाथची बायको हिराबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. तिचे हात चालू होते. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात. माझं झाल्यावर तिने मान वर केली, पण माझ्याकडे नाही. नामदेवराव अंगणाच्या कडेला उभे होते.

"मला वाटलं, तुमाला आमचाच राग आलाय," ती म्हणाली. "यायचंच सोडलं तुमी. बसा की भावजी, हुबं का?"

नामदेवरावांनी चपला काढल्या.